पाच शब्द आणि एक पपई

डोकं तापलं

मेंदूचा अभ्यास करायला पुण्याला गेलेल्या मुलीला मेंदूचाच आजार झाला, यावर सोनईत पुष्कळ चर्चा झाली. "लई वाचलं की डोकं तापतंय," हे निदान गावाने दवाखान्याच्या आधी करून टाकलं आणि नंतर नगरहून कितीही कागद आले तरी ते बदललं नाही.

परवा माझ्याकडे तपासायला आणलेल्या, मेंदूच्या आजारातून उठलेल्या एका मुलाच्या आईने मला विचारलं, "याला पुन्हा शिकता येईल का हो?" मुलगा शेजारीच बसला होता, माझ्या तोंडाकडे बघत. मी जे उत्तर दिलं ते फारच गुळमुळीत होतं. घरी आल्यावर वाटलं, त्यापेक्षा आमच्या घरात काय झालं ते सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहायला बसले. औषधांची नावं यात नाहीत, ती तुमचे डॉक्टर सांगतील.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे. मी मानसशास्त्रात एम. ए. करत होते, शेवटच्या वर्षाला होते. विषय मेंदू आणि मन. माणसाला आठवतं कसं, बोलता कसं येतं, डोक्याला इजा झाली की यातलं काय जातं आणि काय राहतं, आणि ते पेशंटसमोर बसून कसं तपासायचं, असा सगळा अभ्यास. आमच्या अख्ख्या भावकीत कुणाला या विषयाचं नाव नीट सांगता यायचं नाही. माझे वडील, अण्णा, हायस्कूलला भूगोल शिकवायचे. गाव त्यांना साळवे सर म्हणायचं. ते मात्र हा विषय मनापासून समजून घ्यायचे, पण भूगोलाच्या वाटेने. मी सुट्टीत आले की माझ्याकडून मेंदूचं चित्र काढून घ्यायचे आणि हा भाग कोणता, तो कोणता, असं विचारत बसायचे. नवीन आठवणी जिथे साठायला लागतात तो भाग खूप आत, कडेला असतो, असं मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे आपल्या जामखेडसारखा. लांब, पन हाय जिल्ह्यातच."

जामखेडला माझी आत्या दिलेली, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले ती डोकेदुखी घेऊनच. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी मी आईला "मॅडम" म्हणून हाक मारायला लागले, आणि दुपारी अंगणात फिट येऊन पडले. शेजारच्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली. कुणीतरी बाहेरचं बघायला सुचवलं, तर अण्णा म्हणाले, "बाहेरचं आमी कवाच सोडलं. जीप कुनाची मिळती तेवढं बघा."

नगरला

निदानाच्या दिवसाची मला स्वतःची आठवण नाही. ती मी तीन जणांकडून तीन तऱ्हांनी ऐकलेली आहे.

आईच्या गोष्टीत फक्त पाठीतून पाणी काढल्याचं येतं. मला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन धरायला सांगितलं होतं आणि धरायला आई होती. "माझ्या पोटात जशी हुतीस तशी केली हुती तुला त्येंनी," असं ती सांगते आणि मग दुसऱ्या विषयावर जाते. अण्णांच्या गोष्टीत डॉक्टर 'मेंदूज्वर' म्हणाले तो क्षण असतो. अण्णांनी विचारलं, पोरगी वाचेल का. डॉक्टर म्हणाले, वाचेल असं वाटतं, पण कशी वाचेल ते आज सांगता येत नाही. हे 'कशी' अण्णांना तिथल्या तिथे कळलं, कारण मीच त्यांना सुट्टीसुट्टीत शिकवून ठेवलं होतं. मुलीला शिकवल्याचा असाही तोटा असतो.

आत्याची गोष्ट सगळ्यात लांब. ती निरोप मिळाल्याबरोबर जामखेडहून मिळेल त्या गाडीने आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिथला चहा पाणचट होता, खाटेचा एक पाय आखूड होता, आणि डॉक्टर "देखना पन लई बारीक, घरी कुनी जेवाया घालतंय का न्हाई" असा होता. तिच्याकडून ऐकताना तो दिवस जरा सोसवतो.

मला स्वतःला आठवतं ते पुढचं, तेही तुटक तुटक. सकाळी सिस्टर यायची आणि विचारायची, नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता, आपण आत्ता कुठे आहोत. नाव आणि गाव मी फाडकन सांगायचे. वार दर वेळी चुकायचा. एके दिवशी मला एकदम कळलं, की हेच प्रश्न मी पुण्याला पेशंटना विचारायला शिकत होते. मी सिस्टरला म्हणाले, "हे मी विचारायचं असतं." ती हसली आणि म्हणाली, "मग बरी हो आणि विचार की." आजारात मला कुणी दिलेलं हे पहिलं धड उत्तर. ते का कोण जाणे टिकलं, बाकी किती आली आणि गेली.

भीती कशाची होती ते सांगते. मरण्याची फारशी नव्हती. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे आणि प्रत्येक वेळी मी त्यांना "आपण कोण?" म्हणून विचारायचे. ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच भेटत असल्यासारखे स्वतःचं नाव सांगायचे. एकदा ते गेल्यावर आत्या म्हणाली, "आगं, किती डाव इचारशील त्येला?" मला वाटत होतं मी एकदाच विचारलंय. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की असं नाही. पुस्तकातल्या ज्या पेशंटबद्दल मी टिपणं काढली होती, तो पेशंट मीच होते, आणि तो पुढे कसा राहतो तेही मला ठाऊक होतं. जुनं सगळं जागेवर होतं ना.

आत्या रोज माझे केस विंचरायची. तापात जटा झाल्या होत्या. सिस्टर म्हणाली, कापून टाकू, तर आत्या तिच्यावरच घसरली. खोबरेल तेल लावून, एकेक बट सोडवत बसायची आणि जामखेडच्या भावकीतल्या भानगडी सांगायची. भानगड काल सांगितली असली तरी मला ती नवीनच असायची. "तुझ्यावानी ऐकनारं कुनी मिळायचं न्हाई," असं ती म्हणायची. त्या वॉर्डात माझ्या आजाराचा कुणाला फायदा झाला असेल तर तो आत्याला.

घरी सोडताना डॉक्टर आम्हां सगळ्यांना बसवून बोलले. आजार गेलाय. जुनं सगळं आहे. नवीन लक्षात राहणं परत येईल, पण किती आणि कधी ते सांगता येत नाही. माझं पुण्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "हे वर्ष विसरा. जूनमध्ये दाखवायला या. घरी नवीन काही लक्षात राहायला लागलंय असं दिसलं तर पाठवू. नाही तर हिला तिथे एकटीला सोडण्यात अर्थ नाही."

जून. हे मला लक्षात राहावं म्हणून अण्णा वाटेत एसटीत सारखं म्हणत होते.

पाच शब्द

आईने घरी आल्या आल्या माझी पुस्तकं उचलली आणि बाजरीच्या पत्र्याच्या कोठीत टाकली, वर बाजरी ओतली. गावाचं निदान तिला पूर्ण पटलं होतं. वाचून डोकं तापलं, तर आता वाचायचं नाही, इतका तिचा सरळ हिशोब. "हिथं काय कमी हाय तुला? अंगनवाडीत लावू कुठंतरी. डोळ्यासमोर ऱ्हाशील." अण्णा म्हणायचे, शिकायचं सोडायला काय आपण शिकलोय. मग दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत आणि माझ्यासाठी आमच्याकडेच राहिलेली आत्या मध्ये निरोप्याचं काम करायची. "वैनी म्हंत्यात ताट घ्या," "तिला सांग घेतो." एरवी आमच्या घरात असा अबोला मी पाहिला नव्हता.

मला स्वतःला तपासता येईना, ही एक वेगळीच पंचाईत होती. स्मरणशक्तीच्या जेवढ्या चाचण्या होत्या त्या सगळ्या मला आजाराआधीपासून तोंडपाठ. त्यातले शब्द, त्यातल्या गोष्टी, सगळं. पेपर जिने आधीच फोडलाय तिची परीक्षा कशी घ्यायची? शेवटी अण्णांनी एसटीडी बूथवरून पुण्याला माझ्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी सोपा मार्ग सांगितला. सकाळी पाच साधे शब्द सांगा, एकमेकांशी संबंध नसलेले. तिला ते मागे म्हणायला लावा. संध्याकाळी विचारा. रोज नवे. आणि पुढे म्हणाल्या, "काहीही झालं तरी सुचवू नका हं, सर."

अण्णांनी हे काम घेतलं. सकाळी चहाबरोबर शब्द द्यायचे, वर्गात देत असावेत तसे, एकेक अक्षर फोडून. समुद्र. लोहार. पोपट. तिकीट. वारूळ. मी मागे म्हणायचे. संध्याकाळी दिवेलागणीला ओट्यावर बसायचं आणि अण्णा विचारायचे, "हां, सकाळी काय काय सांगितलं होतं?"

पहिले कित्येक दिवस मला शब्द तर सोडाच, सकाळी काही सांगितलं होतं हेच आठवायचं नाही. आठवणीच्या जागी एक स्वच्छ झाडून काढलेली रिकामी खोली. अण्णा म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, उद्या बघू." आई आतून भाकरी थापण्याचा आवाज बंद करून ऐकत असायची. मी उठून परसात जायचे आणि पेरूच्या झाडाखाली उगीच उभी राहायचे. कुणी मागे यायचं नाही. ते मला बरं वाटायचं.

मग संक्रांतीनंतर कधीतरी बदल झाला. एक शब्द यायला लागला, मग दोन. माघात माझे तीन-तीन, चार-चार येऊ लागले. आणि एका संध्याकाळी पाचच्या पाच आले. मी ओट्यावरून उडी मारली. अण्णांनी चष्मा काढून पुसला. आत्याने माझ्यावरून बोटं मोडली. मी आईला म्हटलं, "कोठीतली पुस्तकं काढ." ती पदराला हात पुसत आत गेली आणि खरंच काढली. प्रत्येक पानातून बाजरी गळत होती.

मी वाचायला बसले. पान वाचून झालं की मागचं निसटायचं, पण मी म्हणायचे, शब्द येतायत तर हेही येईल. जून जवळ येत होता. मी पुण्याच्या मैत्रिणीला निरोप पाठवला, की माझी खोली धरून ठेव.

पपई

त्या दिवशी दहावीचा पेपर होता. आमच्याकडे मार्चमध्ये दहावीची परीक्षा म्हणजे सगळ्या गावाची परीक्षा असते. पोरगं आत बसतं, आणि बाप, चुलता, मामा भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या टाकतात. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. उलट जो मामा आला नाही त्याचं नाव निघतं. अण्णांची पर्यवेक्षक म्हणून दरवर्षी शेजारच्या गावी नेमणूक व्हायची आणि ते या बाबतीत भारी कडक. एकदा त्यांनी स्वतःच्या चुलतभावाला भिंतीवरून खाली ओढलं होतं. तो बरेच दिवस आमच्या घरी पाणी प्यायला नाही.

तर अण्णा पेपरवरून थकून आले, चहा झाला आणि आम्ही ओट्यावर बसलो. "हां, सकाळी काय काय होतं?"

मी जरा इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "विळा." अण्णांनी मान हलवली. "दोरी." मान हलली. "तांब्या. कंदील." आणि मग मी अगदी ठासून म्हणाले, "पपई."

अण्णांची मान अर्ध्यात थांबली. ते उंबऱ्याकडे वळले आणि रागाने म्हणाले, "पपई कुनी ठिवली हितं?"

मीही वळले. उंबऱ्याजवळ एका ओळीत विळा, दोरीचं वेटोळं, तांब्या, न पेटवलेला कंदील, उशी आणि एक पिकलेली पपई ठेवलेली होती. अजून उजेड होता, कंदिलाचं तिथे काही काम नव्हतं. उशी तर कुणी उंबऱ्यावर ठेवत नाही.

आत्या म्हणाली, "पाटलीनबाईंनी आनून दिली मगाशी. म्हन्ली पोरीला द्या. मी आपली ठिवली खाली, हातात पीठ हुतं. मला काय म्हाईत हिला तीच दिसंल."

पाचवा शब्द उशी होता.

मी त्या ओळीकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात, आजारानंतर बहुधा पहिल्यांदाच, एकामागून एक गोष्टी जुळत गेल्या. सुरुवातीला शब्द समुद्र आणि लोहार असायचे. हल्ली सगळे आमच्या दोन खोल्यांत मावणारे असायचे. परवा संध्याकाळी आई कारण नसताना चिंच चोखत समोर येऊन बसली होती. त्याच्या आधी आमच्या अंगणात कुणाचीतरी शेळी बांधलेली होती आणि आत्या तिच्या तोंडाला माझ्यासमोर पाला लावत होती. एकदा आई वर पत्र्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मी विचारलं होतं, गळतंय का.

"किती दिवस?" मी विचारलं.

अण्णा चपलांकडे बघत होते. आई दारात आली. "म्या सुरू केलं," ती म्हणाली. "त्येंला काय बोलू नको."

झालं होतं ते असं. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी लाईट गेली आणि आई कंदील घेऊन बाहेर आली. त्या दिवशीच्या शब्दांत कंदील होता. मी तिच्या हाताकडे बघून "कंदील" म्हणाले आणि हसले. "दवाखान्यातनं आल्यापून तू हसली न्हवतीस," आई म्हणाली. "म्या म्हनलं, कंदील दावल्यानं पोरगी हसती, तर मग दावायला काय जातंय माझं?" दुसऱ्या दिवसापासून ती शब्द कान देऊन ऐकायची आणि संध्याकाळी वस्तू मांडायची. तिसऱ्या दिवशी ते अण्णांच्या लक्षात आलं. चौथ्या दिवसापासून त्यांनी समुद्र आणि लोहार सोडले आणि घरात सापडतील असे शब्द द्यायला सुरुवात केली.

"तुम्ही?" मी अण्णांना म्हणाले. "आत्ता तुम्ही पेपरवरून आलात ना? चिठ्ठ्या पकडून?"

आत्याला हे सहन झालं नाही. "आगं, मंग काय झालं? परीक्षेत आपल्या लेकराला कोन हात देत न्हाई? लोकं भितीवर चढत्यात. आमी तर नुस्ती उशी ठिवली."

मला हसू यायला हवं होतं, आता येतंही. तेव्हा मी रडले. हुंदके देऊन, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. कारण एवढे दिवस आलेलं सगळं एका पपईने नेलं होतं. मी बरी होत नव्हते. मला बरी झाल्याचं दाखवलं जात होतं, आणि माझ्या विषयात ज्याला सूचक देणं म्हणतात, ज्यावर मी एक अख्खा निबंध लिहिला होता, ते माझ्या नाकासमोर चाललं असताना मला दिसलं नव्हतं.

मी अण्णांशी बोलणं टाकलं. आईशी टाकता आलं नाही. रात्रीचं जेवण ती माझ्यापुढे ठेवून गेली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. एक गोष्ट मला तेव्हा कळली. आईला मी पुण्याला जायला नको होतं. तिला अगदी स्पष्ट ठाऊक होतं की शब्द बरोबर आले की जूनमध्ये मी जाणार, आणि भोपळा फुटलाच नाही तर तिच्या डोळ्यासमोर राहणार. त्यासाठी तिने नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं. ती बाई रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने एकेक वस्तू मांडून मला पुण्याच्या एसटीत बसवत होती, केवळ मी हसावं म्हणून.

खरे शब्द

दोन दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी अण्णा माझ्यासमोर येऊन बसले. "मी परीक्षा घ्यायला आलोय," ते म्हणाले. मी म्हटलं, मला नाही द्यायची. ते म्हणाले, "तू संध्याकाळी रिकाम्या तोंडानं उठून त्या पेरूखाली जायचीस ना, ते मला बघवत न्हवतं. हे काय उत्तर न्हाई. पन हाय ते हाय." थोडं थांबून म्हणाले, "आता उंबऱ्यावर काय नसंल. समुद्र."

मी चहाचा घोट घेत राहिले.

"समुद्र," अण्णा पुन्हा म्हणाले.

"समुद्र," मी म्हटलं.

संध्याकाळी दोन आले. खरे दोन. त्या आधी मला पाच पाच यायची सवय झालेली, त्यामुळे दोनाने माझं तोंड एवढंसं झालं. आईने दारातून विचारलं, "किती?" अण्णा म्हणाले, "दोन." ती म्हणाली, "दोन तर दोन," आणि आत गेली. उंबरा झाडून पुसून इतका स्वच्छ ठेवला होता, की त्यावर चप्पलसुद्धा नव्हती.

पुढचे दिवस असेच गेले. कधी दोन, कधी तीन. ज्या दिवशी झोप नीट लागली नसेल त्या दिवशी एक. पाच परत कधी आले नाहीत. आत्याला राहवायचं नाही, ती शब्द विचारायच्या वेळी स्वतःच तोंडावर पदर धरून परसात जाऊन बसायची, "माझ्या तोंडाचा मला भरवसा न्हाई" म्हणून. मी शब्दांना एकमेकांत गुंफून त्याची गोष्ट करायला लागले. समुद्रावर लोहार पोपट विकतोय, असलं काहीतरी. हे मला शिकवलेलं होतं, पेशंटना शिकवायचं म्हणून. त्यातले धागे संध्याकाळपर्यंत पुरायचे, कधी तुटायचे. वाचलेलं पान मी अण्णांना भूगोलासारखं समजावून सांगायचे, तेव्हा ते जरा जास्त टिकायचं. घाई केली की सगळंच जायचं.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर घरच्यांना एवढंच सांगते. विचारल्यावर जे रिकामेपण येतं ना, ते पेशंटपेक्षा समोरच्याला जास्त टोचतं, आणि ते भरून काढायला हात शिवशिवतात. आमच्या घरच्यांचेही शिवशिवले. पण आम्हां पेशंटना नेमकं किती येतंय हे आमचं आम्हाला कळू द्या. कमी असलं तर कमी. त्यावर काहीतरी रचता येतं. आणि पेशंटना सांगते, ज्यांनी मदत केली त्यांच्यावर फार दिवस रुसू नका, मी रुसले त्यापेक्षा कमीच रुसा. माझ्या नशिबाने आमच्या घरात रुसवा फार टिकत नाही, आत्या टिकू देत नाही.

जून

जूनमध्ये आम्ही चौघं नगरला गेलो. आई आणि आत्या बाहेर बाकावर बसल्या. आत मी आणि अण्णा. अण्णांनी शाळेच्या पहिल्या दिवशी घालतात तो पांढरा सदरा घातला होता.

डॉक्टरांचं नाव मी आत शिरताच घेतलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी हातपाय, डोळे, चालणं बघितलं, झोपेचं विचारलं, फिट परत आली का विचारलं. ती आली नव्हती. मग खुर्ची अण्णांकडे वळवून म्हणाले, "सर, घरी काय परिस्थिती? नवीन लक्षात राहतं का? मागे गोळ्या न्यायला आलात तेव्हा ते शब्दांचं करताय म्हणाला होतात. किती सांगते?"

मी अण्णांकडे बघितलं. मला जायचं होतं. तिथे बसल्या बसल्या मला कळलं, की पाच म्हणायला त्यांना काहीच लागणार नाही. डॉक्टर मानतील. शिक्षक माणूस, पांढरा सदरा. आणि मला हेही कळलं, की त्यांनी पाच म्हटलं तर मी गप्प बसेन. माझी एवढी तयारी झाली होती. अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"तीन," ते म्हणाले. "एखाद दिवशी दोन. परवा एकच आला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सर, मग तीनवर हिला एम. ए.ला कशी पाठवायची? तिथे दिवसाला पन्नास गोष्टी नव्या असतात."

"मधी पाच यायचे, डॉक्टर," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "ते आमचे हुते. आमी पुरवलेले. हे तीन तिचे हायेत. कुनी न देता आल्यात. तिला म्हाईत हाय की तीनच हायेत, आन् तीनात कसं भागवायचं ते ती रोज बघतीय. मला वाटतं जाऊ द्या तिला."

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाले, "एक वर्षाचं दोन वर्षांत करशील?" मी म्हटलं, करीन. "लिहून ठेवायची लाज वाटणार नाही?" मी म्हटलं, नाही. "विसरलं तर सांगशील, की विसरले म्हणून?" मी हो म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहिल्या, आणि खाली पुण्यातल्या एका डॉक्टरांचं नाव लिहिलं. पुढच्या तपासण्या तिकडे करा म्हणाले, दर खेपेला इकडे यायला परवडायचं नाही.

आम्ही बाहेर आलो. आई उठून उभी राहिली. ती माझ्याकडे नाही, अण्णांकडे बघत होती.

"काय सांगितलं तुमी?"

"खरं सांगितलं," अण्णा म्हणाले.

आईने माझ्या हातातला कागद बघितला, मग माझं तोंड बघितलं, आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "आन् तरी जाऊ देत्यात?"